मोटर चांगली होती

नांदेड,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

प्रिय वर्षा,

आशीर्वाद. माझा रक्तदाब आटोक्यात आहे, गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. पाकिटावर तुझ्या नावामागे 'गं. भा.' लिहायची पद्धत आहे. मी नुसतं वर्षाराणी लिहिलं आहे. शिवशंकररावांना जाऊन तीन वर्षं झाली, हे पोस्टमनला कळायची गरज नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी समोरच्याला बोलू देत नाही, हे तूच मला एकदा सांगितलंस. शिवाय तुझा फोन दुकानात स्पीकरवर असतो, आणि जळालेल्या मोटरीचं वायंडिंग भरून न्यायला आलेली चार माणसं बाकावर बसलेली असतात.

इकडे थंडी पडली आहे. सकाळी गोदावरीवरचं धुकं कॉलनीपर्यंत येतं. तुझ्या दाजींची ती केशरी प्लास्टिकची होडी, जिला ते कयाक म्हणतात, अंगणात उलटी पडली आहे. मी तिच्यावर गोधड्या वाळत घालते. ते काही बोलत नाहीत. महिन्यापूर्वी बोलले असते.

तुला अर्धी हकिकत ठाऊक आहे. उरलेली अर्धी सांगण्यासाठी मला पहिलीपासूनच सुरुवात करावी लागेल.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर यांना मासे धरायचा नाद लागला तो विष्णुपुरीच्या पिराजीमुळे. पिराजी पिढीजात मासे धरणारा. त्याने सांगितलं की मरळ मेलेल्या आमिषाकडे बघत नाही, तिला जिवंत मासोळीच लागते. दिवसभर होडीत बोटभर मासोळ्या जिवंत ठेवायच्या तर पाणी खेळतं हवं, म्हणून टाकी हवी. विकतची यांच्या मनास येईना. घरीच करायची ठरली. आणि घरी करायची ठरल्यावर यांनी घरातल्या माणसाला विचारलं नाही, लातूरला फोन लावला.

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माशाच्या कल्ल्याची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. पण ऑक्टोबरभर आमच्या घरात एकच वाक्य होतं: "थांब, वर्षाला विचारतो."

फोन माझ्या मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायचे. व्हिडिओ लावायच्या आधी दाढी करायचे. नळ्या कापायला दाढी कशाला लागते, हे मी विचारलं नाही.

"दाजी, चौकोनी डबा घेऊ नका. मासे कोपऱ्यात जाऊन डोकी आपटायलेत. गोल बघा."

"गोल कुठून आणू आता?"

"आक्काचा गव्हाचा डबा हाय की."

आणि तुम्ही दोघे हसलात. मी पाठमोरी भाकरी थापत होते. संध्याकाळी गहू पोत्यात ओतले आणि डबा दिला. गोल डब्याचं मला तुझ्या आधी सुचलं होतं, वर्षा. पण विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही.

मग तू फवारणीच्या पंपाची बारा व्होल्टची मोटर पाठवलीस. तुझ्या घरच्या ड्रममध्ये मासे सोडून ती चार दिवस चालवून पाहिलीस, त्याचा व्हिडिओ पाठवलास. तुझे दाजी तो कॉलनीत तीन घरी दाखवून आले. "माझी मेहुणी. बारावी पास हाय, पण इंजिनिअरच्या कानाखाली वाजवंल." वरून भोकं पाडलेल्या नळीने पाण्याचा शिडकावा, काठाखाली चार बोटांवर जादा पाणी जायला दुसरी नळी, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तिच्या तोंडाला चहाची गाळणी. गाळणीही माझीच.

तुला आठवतं, मी हॉस्टेलवरून सुट्टीत आले होते तेव्हा तू बाबांचा बंद पडलेला रेडिओ उघडून बसली होतीस. तू सोळा वर्षांची. रेडिओ सुरू झाला तेव्हा बाबा म्हणाले, "थोरली शिकली, पण धाकटीला कळतं." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं आणि विसरले. त्या वर्षी मी कॉलेजात पहिली आले होते. तो निकाल सांगायचा राहून गेला.

कुकर बंद करून आले. गोधड्या आत आणल्या. गोधड्यांची काही घाई नव्हती, तेव्हा आता टाळत नाही.

सतरा नोव्हेंबरचा रविवार. पिराजी सकाळी घागरीतून तीसेक मासोळ्या घेऊन आला. नदीवर जायच्या आधी घरी एकदा टाकी चालवून बघायची, असं तुमचं ठरलं होतं. घागरीतलं पाणी नदीचं होतं, गढूळ. यांनी ते बघून नाक मुरडलं.

"एवढी चांगली टाकी, तिच्यात हे गाळाचं पाणी? नळ आलाय, स्वच्छ पाणी भरू."

पिराजी म्हणाला, "साहेब, त्यांला गाळाचंच बरं ऱ्हातंय."

"वर्षानं घरच्या पाण्यात चार दिवस ठेवलेत, बाबा. काई होत न्हाई." आणि मला म्हणाले, "जरा पाईप धर."

मी पाईप धरला. आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतो, आणि आला की पहिला अर्धा तास पाण्याला ब्लीचिंगचा वास असतो. त्या दिवशी डोळे चुरचुरावेत इतका होता. शाळेच्या काचेच्या टाकीसाठी मी मुलींना दरवर्षी सांगायची: पाणी बादलीत भरून दोन दिवस उन्हात उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ द्या, मग मासे सोडा. सातवीच्या मुलीला हे कळतं.

तुमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी येतं. तू ते ड्रममध्ये साठवतेस. तू ज्या पाण्यात मासे सोडलेस ते आठवडाभर शिळं झालेलं होतं, म्हणून ते जगले. तुला हे कारण ठाऊक नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी डब्यात पाईप धरून उभी होते, वास घेत होते, आणि एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही.

का, तेही लिहिते. मला वाटलं, आता तरी हे वळून विचारतील. मासे सोडायच्या आधी एकदा म्हणतील, "सत्यशीला, तू शिकलीस ना हे, बघ जरा." ते वळले नाहीत. त्यांनी फोन काढला आणि तुला दाखवायला मोटर सुरू केली. "वर्षा, बघ, पाणी कसं खेळून राहिलंय." तू म्हणालीस, "वा दाजी." मी नळ बंद करून आत चहा टाकायला गेले.

चहा होईपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. त्याचा अर्थ मला समजला होता. पिराजीने दोनदा चहा घेतला, तोवर निम्मे उलटे झाले. तासाभरात एकही उरला नाही.

त्यानंतरचा फोन तुझ्या लक्षात असेलच. माझ्याही आहे.

"तुझी मोटर तेल सोडून राहिली काय, वर्षा?"

"न्हाई दाजी. माझ्याकडं चार दिवस जगले की."

"मंग मी खोटं बोलून राहिलो का? तीस मासे मेले हितं. काय बी बसवून देतीस."

मी दारात उभी होते. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. तुझ्यावर त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकत होते. माझ्यावरचा मला पाठ आहे.

संशय वगैरे माझ्या मनात काही नव्हतं. तेवढी मी खुळी नाही आणि तुम्ही दोघे तसे नाही. मला हेवा वाटला तो हसण्याचा. पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या वाक्यावर ते असे हसल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं होतं, तो फोन बंद झाला की ते हसणं माझ्याकडे येईल. तसं काही झालं नाही. फोन बंद झाला आणि घरात दोन माणसं जेवून ताटं घासून ठेवू लागली.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. मनातल्या मनात जिरवलं असतं, मला ती सवय आहे.

गेल्या गुरुवारी बजरंगचा फोन आला. म्हणाला, "मावशी, आईच्या आता हातात काई ऱ्हायलं न्हाई. मोटर भरताना दोन-दोनदा उकलायली, पुन्हा भरायली. म्हणती, माझ्या मोटरीनं मासे मेले, उद्या कुणाच्या बोअरमधी करंट उतरंल. शेजारचा माणूस दुकान घ्यायला तयार हाय. मी म्हणलं देऊन टाकू, सोमवारी नऊ तारखेला सही. आई बी हाव म्हणली. तुमी काय म्हणता?"

मी म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

तीनच शब्द. मुलगा वाईट नाही, त्याला तुझी काळजी आहे, त्याने मोठ्या मावशीचा सल्ला घेतला आणि मावशीने तो दिला. फोन ठेवल्यावर मला तुझं दुकान आठवलं. शिवशंकरराव गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू दुकानाचं शटर उघडलंस. लोक म्हणाले, बाईमाणूस मोटरी भरणार. मीही म्हणाले होते. तू वर्षभरात जुनी गिऱ्हाइकं टिकवलीस आणि निलंग्यापासून नवी आणलीस. तुझं ते दुकान मी डबाभर पाण्यात बुडवायला निघाले होते.

काल सकाळी हे हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. दोन दिवस गच्चीवर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी मी डब्यात ओतलं. पिराजीला आधीच फोन करून मासोळ्या मागवल्या होत्या. बॅटरीची लाल वायर लालला, काळी काळ्याला, तेवढं मलाही येतं. मोटर सुरू केली आणि खुर्ची घेऊन समोर बसले. हे दुपारी आले तेव्हा सगळे मासे खाली, शांत, शेपट्या हलवत होते.

ते वाकून बघत राहिले. "मोटर बदलली का?"

"तीच आहे. पाणी बदललं."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. म्हणाले, "तुला त्या दिवशी माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं का?"

ते होडीच्या पाठीवर बसले. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. खाली बघत म्हणाले, "तुला विचारायचं म्हणलं की भ्या वाटतंय. तू आधी चूक काढतीस. ती आधी हसती, मग चूक सांगती."

शाळेतही मुली मला घाबरायच्या, आणि मी त्याला शिस्त म्हणायची.

त्यांनी लगेच तुला फोन लावायला घेतला. मी हात धरला. म्हटलं, तुम्ही बोललात त्याची माफी तुम्ही मागा, पण मी गप्प बसले ते माझं मला सांगू द्या, तीन दिवस थांबा. त्यांनी ऐकलं. पत्र आजच स्पीड पोस्टने टाकते आहे. गुरुवारी सकाळी ते फोन करतील. त्यांच्यावर रागव, त्यांना ते हवं आहे.

आता कामाचं. सोमवारी सही करू नकोस. दमली असशील, कंटाळली असशील, पाठ दुखत असेल तर जरूर कर, त्यात मी बोलणार नाही. पण हाताला जमत नाही म्हणून करायला निघाली असशील तर ते कारण खोटं आहे, आणि ते मी पुरवलं आहे. मोटरीत दोष नव्हता. वायंडिंगमध्ये नव्हता. तुझ्यात नव्हता.

बजरंगला हे पत्र वाचायला दे. त्याला मी गेल्या गुरुवारी जे सांगितलं ते मागे घेते. त्याला तोंडी सांगितलं तर मावशी आईची समजूत घालते आहे असं त्याला वाटेल, म्हणून लिहून देते. वाचताना मी त्याला कशी दिसेन, हे मला कळतं. दिसू दे.

मला माफ कर असं लिहायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ते वाक्य मला शाळेतल्या अर्जासारखं वाटलं. ते मी लातूरला येऊन सांगेन, तू येऊ दिलंस तर.

एरवी मी तुझ्या पत्राखाली 'आक्का' एवढंच लिहिते. आज पूर्ण नाव लिहिते. कुणी विचारलं, हे कुणी कबूल केलं, तर दाखवता यावं.

सत्यशीला सुदाम इंगोले