पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर

आई,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही, कारण आपण कधी दोन वेगळ्या गावांत राहिलोच नाही. या कानडी शहरात, चिकपेटच्या मागच्या त्या बोळात मी जन्मले, तिथूनच शाळेत आणि कॉलेजात गेले, आणि नव्वदीच्या दशकात नोकरीला लागले तेव्हाही संध्याकाळी तुझ्याच हातचं जेवायला परत येत होते. आज लिहायला बसले आहे ते तुझी आठवण अनावर झाली म्हणून नव्हे. आज वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, लोकांच्या घरात जाऊन मोजमाप घेताना सगळ्यात मोठी चूक कुठली होते?" इतकी वर्षं हेच शिकवते आहे, उत्तर तोंडपाठ आहे. तरी आज पुढचं वाक्य येईना. पाणी पिऊन येते असं सांगून मी बाहेर पडले ती परत वर्गात गेलेच नाही.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे जिन्याखालची एक खोबण. बोळाकडे उघडणारी एकच खिडकी, आणि तिच्यावरही तू पत्रा बसवून घेतला होतास. वाऱ्याने जाळ हलतो, जळण फुकट जातं, असं तुझं म्हणणं. अप्पा लाकडाच्या वखारीतून भुशाची पोती आणायचे. पत्र्याच्या शेगडीत मधोमध बाटली उभी करून तू तिच्याभोवती भुसा ठासून भरायचीस, मग बाटली अशी अलगद काढायचीस की एक कणही ढासळू नये, आणि त्या भोकात खालून ढलपी पेटवायचीस. एकदा भरलेल्या शेगडीवर तुझा सकाळचा सगळा स्वयंपाक व्हायचा. बोळात सगळ्यांत कमी जळण आपल्या घरी लागतं हे तू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचीस. भुसा ओला असला की मात्र त्या खोबणीत स्वतःचा हात दिसत नसे. तू पदर नाकाला लावून आत बसलेली आहेस, आणि बाहेर आम्हाला फक्त तुझा खोकला ऐकू येतो आहे. खोकला थांबला की समजायचं, भाकरी झाल्या.

माझी नोकरी त्याच धुराची होती. एका बाजूला छातीचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला चुलींचा अभ्यास करणारे इंजिनिअर, आणि दोघांना मिळून शोधायचं होतं की जळण वाचवणारी चूल बायकांची छातीही वाचवते का. आमच्या प्रमुख छातीच्या डॉक्टर होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. धुराड्याच्या नव्या चुली पहिल्या खेपेला थोड्याच बांधायच्या होत्या, म्हणून नियम असा ठरला की ज्या घरात धूर जास्त मोजला जाईल त्या घराला चूल आधी. बाकीच्यांना पुढच्या खेपेला, ती केव्हा येईल ते देवाला ठाऊक. निवडलेल्या वस्त्यांत आपलाही बोळ होता. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "म्हंजे तुझ्या मॅडम आपल्या घरी येणार? कधी?"

आधी फुंकायची चाचणी झाली. नळीत जोराने एकदम फुंकायचं, त्यावरून फुप्फुसात किती दम आहे ते कळतं. तू नळी फुंकणीसारखी धरलीस आणि हळूच, लांबवत फुंकलंस. मॅडम कानडीत म्हणाल्या, "अक्का, जोरात." तू म्हणालीस, "एवढं जोरात फुंकलं तर राख उडंल की." सगळे हसले, मीही हसले. मग तू पुन्हा पुन्हा फुंकलंस, जमेल तेवढं जोरात, आणि मॅडमचं हसणं मावळत गेलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात बिडी कोण ओढतं? कुणीच नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "गेलेला श्वास औषधाने परत येत नाही. उरलेला राखता येतो. तिला धुरातून बाहेर काढ, लवकर काढ." मी कुठून काढू? गॅससाठी अप्पांनी नाव घालून वर्षं लोटली होती. रेशनचं रॉकेल महिनाअखेरपर्यंत पुरत नव्हतं. उरली ती धुराड्याची चूल. मला वाटलं, आपल्या घरातला धूर मोजला की चूल आपोआप मिळेल, त्यात काळजी कसली?

मोजमापाच्या दिवशी मी नियमाप्रमाणे दुसऱ्या बोळात काम करत होते, आपल्या घरचं काम मला करता येत नव्हतं. मॅडम स्वतः आपल्याकडे गेल्या होत्या; धूर असला की त्यांच्या यंत्रातला गाळणीचा कागद काळा होतो, पण संध्याकाळी पाहिला तो जवळजवळ पांढरा. मी धावत घरी आले. खिडकीवरचा पत्रा उतरवून भिंतीला टेकवलेला. भुशाची शेगडी जिन्यामागे सरकवलेली, आणि विटांच्या चुलीत दिवाळीसाठी राखून ठेवलेली बाभळीची खणखणीत लाकडं. जमीन सारवलेली, दारात रांगोळी.

"हे काय केलंस?"

"पाहुणी आली होती ना गं," तू म्हणालीस. "पाहुण्याच्या डोळ्यांत धूर घालायचा?"

पुढचं तर आणखी मजेचं. जळण मोजणारे इंजिनिअर पोत्यांना तराजू लावून आठवडाभर वजन घेत होते, तेव्हा पाहुणी नव्हती, पत्रा होता आणि भुसा होता. त्यामुळे त्यांच्या हिशेबात आपल्या घरी सर्वांत कमी जळण, आणि डॉक्टरांच्या हिशेबात सर्वांत कमी धूर. बैठकीत कोणीतरी म्हणालं, हे तर आदर्श स्वयंपाकघर आहे. मग बाहेरगावचे तज्ज्ञ तुझं स्वयंपाकघर पाहायला येऊ लागले, आणि तू दर खेपेला पत्रा काढून, लाकूड शेजारणीकडून उसनं आणून, नवं लुगडं नेसून त्यांना कॉफी देऊ लागलीस. पाहुणे गेले की पत्रा पुन्हा खिडकीवर आणि तू पुन्हा धुरात. बोळातल्या बायका म्हणायच्या, अक्काचं नशीब. मी मात्र तुझे ओठ पाहत होते. सकाळी ते निळसर दिसायला लागले होते. नळावरून घागर आणताना तू पहिल्या पायरीवरच बसायचीस आणि आम्ही पाहिलं की चपलेत खडा गेलाय म्हणायचीस.

मी मॅडमना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण तू तिची मुलगी आहेस. तुझ्या शब्दावर मी तुझ्याच घराचा आकडा फिरवला, तर उद्या हे सगळं काम कोण खरं मानेल?" त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्यामुळेच मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. त्यांनी पुन्हा मोजायची परवानगी दिली. मी तुझ्यापुढे हात जोडले. आदल्या संध्याकाळी तुझ्या बाभळीच्या लाकडांवर मी तुझ्या डोळ्यांदेखत बादलीभर पाणी ओतलं. सकाळी शेजारणीच्या घरून सुकी लाकडं आली आणि कागद पुन्हा पांढरा निघाला.

त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले. म्हटलं, मरायचंय का तुला? आम्हाला सोडून जायची घाई झाली आहे का? अप्पा मध्ये पडले. तू तांदूळ निवडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "स्वल्प हळू बोल. मी काय करू सांग. ती बाई खुर्चीत बसते, आपल्या ट्रेमधली कॉफी पिते. तिला मी धूर कसा देऊ? तीच आत येऊन चटणी वाटायला बसली असती, तर ती काय पाहुणी राहिली असती?"

तू हे सहज बोललीस. मी मात्र तशीच उठले आणि मॅडमच्या दवाखान्यात जाऊन बसले. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांना सांगितलं, हे आमच्याच घरात नाही, सगळ्या बोळात हेच चाललं असणार. आपण यंत्र घेऊन जातो आणि बायका पाहुण्यांसाठी घर हवेशीर करतात. आपण मोजतो तो त्यांचा पाहुणचार. तुझं चटणीचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मला पाटा-वरवंटा येत नाही, शिकावं लागेल."

आणि त्या खरंच आल्या. पहिल्या दिवशी तू त्यांना आत येऊच देईनास. दुसऱ्या दिवशी त्यांनी लसूण सोलला, इतका वाईट की तू त्यांच्या हातून तो काढून घेतलास. मग त्या रोजच येऊ लागल्या, आणि एका सकाळी त्यांनी वाटलेल्या चटणीत खोबऱ्याचे तुकडे तसेच राहिले म्हणून तू त्यांना चक्क रागावलीस, जसं मला रागवायचीस तसं. त्या सकाळी पत्रा खिडकीवरच राहिला. तू ओला भुसा पेटवलास. मी दारात उभी होते. मॅडम खोकत, डोळे पुसत बाहेर आल्या, कमरेला बांधलेलं यंत्र त्यांनीच उघडलं, आणि आतला कागद काजळीने काळा. आई, मी तो कागद हातात धरून हसत होते. आत तू खोकत होतीस आणि मी बाहेर हसत होते, कारण आता चूल मिळणार होती.

मिळालीही. पण सगळ्या बोळांची मोजणी नव्याने करायची ठरली, त्यात बरेच आठवडे गेले. गवंडी आला तेव्हा तुला ताप भरला होता. तू खाटेवरून त्याला सांगत होतीस, धुराडं सरळ काढ, जिन्याला लागू देऊ नको. चूल लिंपून झाली आणि दुसऱ्याच दिवशी तुला दवाखान्यात न्यावं लागलं.

मॅडम रोज यायच्या. "अक्का, श्वास कसा आहे?" "सरी आहे मॅडम, बरा आहे. झोप छान लागली." रात्रभर तू खाटेचा दांडा धरून बसलेली असायचीस. मी म्हणायचे, खोटं बोलते आहे ती. तू माझ्याकडे अशी पाहायचीस, जणू मी चारचौघांत तुझी लाज काढली आहे. मॅडमना तुझी सवय ठाऊक होती, त्या तुझ्या शब्दावर जायच्या नाहीत, छाती तपासून औषध ठरवायच्या. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मात्र एक नवा डॉक्टर होता, आणि वॉर्डात ऑक्सिजनची सिलिंडरं कमी पडत होती. मी तेव्हा घरी होते. गवंड्याने सांगितलं होतं, माती वाळायला चुलीत थोडाथोडा जाळ घाला, म्हणून मी तुझ्या नव्या चुलीपाशी बसले होते. धूर धुराड्यातून वर जात होता आणि खोबण स्वच्छ होती. मी तुला ते सांगायला निघाले होते.

नंतर कळलं ते अप्पांकडून. डॉक्टरने विचारलं होतं, थोडा वेळ ऑक्सिजनची नळी काढली तर चालेल का, शेजारच्या बाईंना लावायची आहे. तू म्हणालीस, "चालेल की, मी बरी आहे." त्या बाईचा मुलगा रडत होता, म्हणून असेल. डॉक्टर पोरसवदा होता, म्हणूनही असेल. दुपारपर्यंत विचारणाऱ्याला तू बरी आहे हेच सांगत होतीस. मी पोहोचले तेव्हा ते नळी परत लावत होते. ती नळी राहिली असती तर तू वाचली असतीस, असं मॅडम म्हणाल्या नाहीत, आणि छातीबद्दल त्यानंतर मी जे शिकले त्यावरून मीही तसं म्हणू शकत नाही. पण म्हणू शकत नाही म्हणून प्रश्न संपतो असं नाही.

आमच्या शास्त्रात नंतर ती रीत रुळली. घरात जा, यंत्र लगेच लावू नका, आधी पाहुणेपण संपू द्या, कामाला हात लावा. मी ती दरवर्षी शिकवते आणि चटणीची गोष्ट सांगते. मुलं हसायची तिथे हसतात. मी गोष्ट चुलीपर्यंत आणून थांबवते. आज त्या मुलीने विचारलं, तेव्हा पहिल्यांदा मला थांबायची जागा सापडली नाही.

तुझ्या दिवसांना आलेला प्रत्येकजण सांगत होता, अशी माणसं आता होत नाहीत, शेवटपर्यंत दुसऱ्याचाच विचार. मी सगळ्यांना कॉफी देत होते आणि मनात म्हणत होते, नको होती मला अशी चांगली बाई. मला आई हवी होती. खेकसणारी, रडगाणं गाणारी, नळीला घट्ट धरून बसणारी, हात लावाल तर याद राखा म्हणणारी. एकदा तरी कुणाच्या डोळ्यांत धूर घातला असतास. त्या पोराला, त्या डॉक्टरला, नाहीतर मला. मला तर घालायलाच हवा होतास, मी काय पाहुणी होते?

हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. लिहून काढलं की राग उतरेल, म्हणून बसले होते. उतरला नाही. आणि खरं सांगू, तो उतरावा असंही मला वाटत नाही. तुझ्याशी रोज बोलायला माझ्याकडे आता तेवढंच उरलं आहे.