ज्यानं शिकवलं त्यानं पाणी भरावं

९ जानेवारी, आलापल्ली

माझ्या हातानं केलेलं, आजपर्यंत – जळक्या मिक्सरच्या तारेची दारावरची घंटा. सायकलच्या ट्यूबचं हृदय, चारही कप्पे, झडपांसकट. पट्टीवर सरकणारं भिंग – मेणबत्तीची उलटी प्रतिमा अशी स्वच्छ पडते की वातीचं टोक दिसावं. पत्र्यावर रंगवलेली आवर्तसारणी, एकही घर तिरकं नाही! आतली गुंडाळी दिसेल अशी उघडी मोटर. चार बाकडी, सागाच्या तुकड्यांची – वनखात्याच्या डेपोची पावती आहे.

आणि एक मुलगा. प्रणित. यंदा दहावी. सगळ्यात बेढब तोच निघाला.

मी नववीत शाळा सोडली. पुढचं सगळं मोटरी उघडून शिकलो, कुणाच्या बापानं शिकवलं नाही. लोक मला हसतील, नथ्थूभाऊच्या शेडमधी गावची पोरं शिकली आन् घरचं पोरगं विज्ञानात नापास – हे ऐकायला मी जिवंत राहणार नाही.

१२ जानेवारी

शाळेतली चार पोरं आजपासून संध्याकाळी शेडमध्ये. जोड्या मी लावल्या. दिव्यानं सुरजला शिकवायचं, सुकरीनं प्रणितला. सुकरी भामरागडकडच्या जंगलातली, शाळेसाठी इथं आपल्या मंगली आत्याकडे राहते. बोलते कमी. पण आज फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तिनं असा समजावला की मीच हातातला पाना खाली ठेवला.

नियम सांगितला. आज शिकवायचं, उद्या मी शिकणाऱ्याला विचारणार. तो चुकला तर शिकवणाऱ्यानं हापशीवरून एक गुंड, म्हणजे घागरभर, पाणी आणून माझ्या टाक्यात ओतायचं.

दिव्या लगेच – "चुकलं त्यानं, आन् पाणी आमी काऊन भरायचं?"

म्हणालो, मी तार भरलेली मोटर जळाली तर मी मोटरला मारतो का? दोष वाइंडिंग करणाऱ्याचा. या शेडमध्ये तोच कायदा.

सुकरी ऐकत होती. मान हलवली.

१९ जानेवारी

सुकरी – पाच गुंड. दिव्या – एक.

२४ जानेवारी

विचारलं, ऑक्सिजनची संयुजा किती? प्रणित – "पाच!" आणि सुकरीकडे बघून दात काढले. "जाय वं, गुंड उचल. बाबाचं टाकं रिकामं हाय." सुरज खिदळला. सुकरीनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघाली.

ती गेल्यावर दिव्या म्हणाली, "भाऊ, त्याले येते. मघा मलेच त्यानं दोन सांगतलं. मुद्दाम चुकून राह्यला."

मला ते कळत नव्हतं असं नाही. पण नियमात मुद्दाम आणि चुकून असे दोन खण नाहीत. शिकवणं असं पाहिजे की शिकणाऱ्याला चुकायची इच्छाच होऊ नये. दिव्याला म्हणालो, चुगलीचा एक गुंड तुझ्याकडे.

तीही हापशीवर गेली.

२ फेब्रुवारी

टाकं काठोकाठ!

८ फेब्रुवारी

सुकरीनं जोडी बदलून मागितली. "भाऊ, मले दिव्यासंग बसू द्या. माहा अभ्यास राहून राह्यला." माझ्याकडे बघून नाही, मोटरकडे बघून बोलली.

नाही म्हटलं. चांगली तार मी चांगल्या मोटरीत घालत नाही, अडलेल्या मोटरीत घालतो. प्रणितला तीच पाहिजे. पुढे हेही ऐकवलं की तुझ्या गावात आजवर कोण दहावी झालंय, ते सांग.

टाक्याची भिंत कोरडी आहे, गळत नाही, तरी भोवती चिखल झालाय. ती ओतताना सांडते. त्यावरून बोललो.

बायको, ज्योत्स्ना, चुलीपासून ओरडली – "तुमी मास्तर हाये का मुकादम?" बायकांना नियम कळत नाही, फक्त पाणी दिसतं.

पण हंडे ती त्याच टाक्यातून भरते!

विज्ञानाच्या पेपरची आदली संध्याकाळ

शेवटची उजळणी. प्रणित तीनदा चुकला. आज हसला नाही, कपाळाला घाम होता. भिंगाची प्रतिमा उलटी की सुलटी, हे समोर मेणबत्ती पेटलेली असून त्याला सांगता येईना.

सुकरी – "भाऊ, उद्या पेपर हाये."

म्हटलं, प्रणितलाही आहे.

तीन गुंड आणले. तिसऱ्या वेळी चिखलात पाय घसरला, गुंड पडला, गुडघा फुटला. पडलेलं पाणी मोजत नाही, म्हटलं. परत गेली, परत आणलं. रडली असती तर कदाचित सोडलं असतं. रडली नाही.

१६ मे

निकाल. सुकरीला विज्ञानात शंभरात ब्याऐंशी. दिव्या पास, सुरजसुद्धा पास!

प्रणित – बावीस.

पट्टा काढला. विचारलं, तुले येत होतं ना रे? भिंतीला टेकून म्हणाला, "पयले येत होतं बाबा. तिले पळवायसाठी चुकीचं सांगत गेलो. मंग चुकीचंच तोंडात बसलं. पेपरमधी दोन्ही दिसे – कोणतं खरं तेच समजे नाई."

पट्टा मारला नाही. कुठे मारायचा तेच कळेना.

१८ मे

चौकात गुणवंतराव, माझ्यासारखाच मोटरवाला, पण भंगार काम करणारा – "काय नथ्थूभाऊ, घरची मोटर जळाली म्हणे?" चार लोक हसले.

ज्योत्स्ना जेवली नाही. "पुरवणी परीक्षा हाये अजून. त्या पोरीच्या घरी जा. तिच्याच्यानंच होईन, तुमच्याच्यानं नाई. हात जोडा." म्हटलं, हे हात जोडायचे नाहीत.

२१ मे

सकाळी सुकरी दारात. आत आली नाही. गुडघ्यावरचा डाग अजून आहे. प्रणितला पुरवणीपर्यंत रोज शिकवते म्हणाली, मंगलीच्या अंगणात. नियम तोच, शेडचा. "फक्त, भाऊ, ह्याची वाइंडिंग तुमची हाये." म्हणजे तो चुकला की गुंड मी भरायचा, डोक्यावरून, चौकातून, मंगलीच्या टाक्यापर्यंत. प्रणित माझ्या मागे उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत.

नाही म्हटलं, गुंड मी डोक्यावर घेणार नाही. शिकवण्याचे पैसे तिनं मागितले नव्हते, फक्त पाणी.