छपरावरची कुटकुट

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र.

आमच्या गॅरेजात घरगाड्या येतात; आत पलंग, ओटा, सगळा संसार. मी त्यांच्या गाद्या नि पडदे शिवते, हे तुला ठाऊकच आहे. हल्ली ज्याला त्याला छपरावर सोलर पॅनेल हवं असतं. मालक म्हणतात, रीतसर शिकून ये, मग वरचं सगळं काम तुझं. पण शिकवणीची फी ऐकली आणि पासबुक काढून बसले. खरं सांगू? सुईत दोरा ओवताना आता डोळ्यांतून पाणी येतं. शिवणकाम सुटलं तर पुढे काय, हा विचार पाठ सोडत नाही. साठवलेलं सगळं यात घालावं की ही नुसती हौस? वायरिंग मला तूच शिकवलंस, म्हणून तुलाच विचारते.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसूच आलं. जन्मभर लोकांच्या घरात दिवे लावले मी, आणि माझी बहीण फी भरून वायरिंग शिकणार! माझी शिडी धरून उभी राहायचीस तेव्हा जे शिकलीस तेवढं पुरेसं आहे. उगाच कुणाच्या नादी लागू नकोस.

आमच्या घरगाडीवर मीच पॅनेल बसवलं, एका दुपारीत. भोक पाडलं, भिंतीत स्क्रू धरायला घालतो तीच प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला, की झालं. माझी गिट्टी आजवर कुठल्या भिंतीतून निघालेली नाही. तुझी वहिनी मात्र म्हणते, गाडी सुरू झाली की वर काहीतरी कुटकुटतं. मला काही ऐकू येत नाही. तिचा स्वभावच संशयी.

पुढच्या महिन्यात दोघं लांबच्या प्रवासाला निघतोय. डोळ्यांना जप, औषध घाल. राग मानू नकोस, मानलास तर लवकर सोड.

तुझा दादा


दि. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. फी भरली, शिकून आले. आता रागाव, पण आधी पत्र पुरतं वाच.

निम्मी शिकवणी मला येत होती. वायरी, बॅटरी, जोडण्या, सगळं तुझ्याच हातचं. मनात म्हटलं, दादा बरोबर होता, पैसे पाण्यात गेले. मग शिकवणाऱ्या बाईंनी एका जुन्या गाडीवर पॅनेल बसवायला सांगितलं. मी ऐटीत वर चढले आणि तुझ्यासारख्याच गिट्ट्या ठोकून मोकळी झाले. बाईंनी पॅनेल उडू नये म्हणून त्याला वरून दोर बांधला, मला आत बसवलं आणि खडबडीत रस्त्यावरून गाडी फिरवली. थोड्याच वेळात डोक्यावर कुटकुट सुरू झाली. उतरून पाहिलं तर चारपैकी दोन गिट्ट्या बाहेर आल्या होत्या. भिंत गिट्टीला आवळून धरते, पातळ पत्र्यात तिला धरायला काही नसतं; तिथे आतून पट्टी देऊन नट-बोल्टच आवळावे लागतात. बाई एवढंच म्हणाल्या, "घर उभं असतं, गाडी पळते."

दादा, मला तिथेच वहिनीची आठवण झाली. संध्याकाळी फोन केला, तर तू "हो हो, सगळे मजेत" म्हणून ठेवून दिलास. वहिनीला संशय नाही, तिला कान आहेत. वर चढ आणि पॅनेल हातानं हलवून बघ. त्याआधी गाडी फाटकाबाहेर काढलीस तर मी जन्मात बोलणार नाही.

रागावलास तरी चालेल, पण सुखरूप राहा.

तुझी भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर चढलो. पॅनेलला हात लावला आणि ते डब्याच्या झाकणासारखं उचललं गेलं. एकच स्क्रू कसाबसा धरून होता. तुझं पत्र यायच्या आधीच्या रविवारी आम्ही गाडी घेऊन बाहेर पडलो तेव्हा मागून लेक-जावयाची गाडी येत होती, लेकीच्या मांडीवर तान्हं बाळ. यापुढे मला लिहवत नाही.

तुझ्या वहिनीची माफी मागितली. तिनं एकही टोमणा मारला नाही, चहा ठेवला. त्याचंच जास्त लागलं.

तू विचारलं होतंस ना, पैसे घालणं शहाणपणाचं की हौस? माझं उत्तर चुकलं होतं. मला माझं काम येत होतं, हे काम येत नव्हतं, आणि मी दोन्ही एकच समजून बसलो.

पॅनेल उतरवून ठेवलंय. प्रवास तू येईपर्यंत थांबलाय. जमेल तेव्हा ये आणि तुझ्या पद्धतीनं बसव. मी मध्ये बोलणार नाही.

या खेपेला शिडी मी धरतो.

तुझा दादा