कबुतराला पडलेली मतं

लंडन, १४ मे

प्रिय नेरिस,

कशी आहेस ते विचारत नाही, शिव्या घालशील. मी बरा आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तो मंचावरचा फोटो सगळ्या पेपरांत आला. निकाल ऐकताना तुझा उतरलेला चेहरा आणि शेजारी मी, कबुतराच्या वेषात. आत मी रडत होतो गं, पण बाहेरून ते कबुतर हसरंच. वीस वर्षं पुढाऱ्यांवर विनोद करून पोट भरलं, कुत्रं ओळखत नव्हतं. आता त्या एका फोटोवर दौऱ्याची सगळी तिकिटं खपली. मी नाही म्हटलं नाही. म्हणवलं नाही.

पोटनिवडणुकीला तुझ्याविरुद्ध उभा राहिलो तेव्हा गंमतच वाटली. आपल्या ब्रिटनमध्ये दर निवडणुकीत कोणीतरी गंमत म्हणून डोक्यावर बादली घालून उभा असतोच, कुणाचं काय जातं? 'सगळ्या पक्षांच्या पुतळ्यांवर सारखंच शिटेन', एवढंच माझं वचन. तू म्हणालीस, "आयवर, माझ्याच गावात कशाला कडमडतोस? इथं हॉस्पिटल बंद पडतंय." मी म्हटलं, "अगं, मला कोण मत देतंय?"

तू एकोणीस मतांनी पडलीस. मला शंभरावर पडली.

आता जे लिहायचं मघापासून टाळतोय ते लिहितो. मतदानाच्या आदल्या दिवशी मी आईला फोनवर म्हटलं, "एकही मत नाही पडलं तर टीव्हीवर सगळ्यांसमोर नाक कापलं जाईल माझं." चेष्टेत म्हटलं. तिनं मनावर घेतलं. चॅपलमध्ये प्रार्थनेनंतर चहाला जमणाऱ्या वीस-पंचवीस बायकांना तिनं सांगितलं, "नेरिस काय, येतेच आहे निवडून. आमच्या पोराची तेवढी लाज राखा." स्वतःचं मतही मलाच दिलं. काल फोनवर हुंदके देत होती. तुला सांगू नकोस म्हणाली.

मला काय बोलायचं ते बोल, जन्मभर तोंड बघू नकोस. पण रोज जेवताना तू म्हणतेस ना, "कबुतराला मत देणारी गाढवं एकदा भेटू देत मला"? ते तेवढं बंद कर. आई समोरच बसलेली असते, ताट पुढ्यात घेऊन.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच भाऊ,
आयवर