आमच्या गाडीत कोण रडतंय

लामायताई,

तुझ्या पांढऱ्या वस्त्रांना आणि तुळतुळीत डोक्याला धाकट्या विचियनचा जमिनीवर कपाळ टेकून नमस्कार. (खरंच टेकलं. जुम साक्षीला आहे. उठताना गुडघा केवढ्यानं वाजला, तेही तिनं ऐकलं.) तू आता संन्यासिनी झालीस, तेव्हा पत्रात तुला 'आपण' म्हणायला हवं असं माझ्या बायकोचं, जुमचंच, म्हणणं. मी दोन ओळी 'आपण' घालून लिहून पाहिल्या आणि कागद फाडला. जिनं मला लहानपणी ड्युरियनच्या काटेरी फळांच्या ढिगावर ढकललं आणि वर आईला "तोच धडपडला" असं सांगितलं, तिला 'आपण' म्हणायला माझा हातच वळत नाही. काट्यांचे वण अजून आहेत, कुठे ते संन्यासिनीला लिहिणं बरं नाही.

तुझं पोट कसं आहे? लोएइच्या डोंगरात आता थंडी पडली असेल, पायात मोजे घालू देतात का? थोरल्या माताजींनी तुझा फोन कुलपात ठेवल्यापासून तुला काही कळवायचं म्हणजे असं कागद-पेन घेऊन बसावं लागतं. आमचं इथे चंथाबुरीत बरं चाललंय. यंदा फळ चांगलं उतरलं, भावही मिळाला. मला तुझ्याकडून काही नको आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू हे पत्र धास्तीनं वाचणार नाहीस.

आईच्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे. उजवा ठीक आहे, डाव्याच्या पडद्यामागे पाणी साचतं. बँकॉकच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन, चुकवलं तर तो डोळा गेला म्हणून समजा. पहिल्या इंजेक्शनला आम्ही भाड्याच्या व्हॅननं गेलो होतो. सोबतीला एका बाईमाणसाला आत सोडतात म्हणून जुम आत गेली, आणि सुई बघून अशी कोसळली की तिलाच शेजारच्या खाटेवर निजवावं लागलं. आई मात्र ताठ चालत बाहेर आली. कसं होतं विचारलं, तर म्हणाली, "व्हॅन फार हादरते रे." तेवढंच. घरी येईपर्यंत दुसरा शब्द नाही.

आता तूच सांग, लेकानं यातून काय समजायचं? मी समजलो की व्हॅन हादरते. बाबांच्या जुन्या पिकअपमध्ये चाळीस वर्षं ज्या बाईचं काही बिघडलं नाही, तिला एकाएकी व्हॅन का हादरावी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हंगाम चांगला झाला होता. मी सरळ बँकॉकला जाऊन मोठी काळी जर्मन गाडी घेऊन आलो. (किंमत लिहीत नाही, तू व्रतस्थ आहेस.) मी गुरुवारी जन्मलेला, गुरुवारच्या माणसाला काळं वाईट, म्हणून मागच्या काचेवर रीतसर 'ही गाडी पांढरी आहे' अशी पट्टी चिकटवली. मठातल्या भिक्खूंनी छतावर पांढरी नक्षी काढून दिली, आरशाला हार बांधला, आणि गाडीची राखण करणारी आपली देवी मे यानांग, तिला केळी आणि लाल सरबत ठेवलं. सरबतात नळीही घातली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या इंजेक्शनला निघालो. जुम पुढे, आई मागे डाव्या बाजूला. ताई, आपला रस्ता तुला माहीत आहे. काँक्रीटच्या दर जोडावर चाकं धप् म्हणतात, आणि या गाडीची चाकं एवढी रुंद नि त्यांचं रबर एवढं पातळ, की एवढे पैसे मोजून मी धप् धप् धप् ऐकत बसलो होतो. तेही चाललं असतं. क्लेंग गाव मागे पडलं, गाडीनं वेग घेतला, आणि मागून आवाज सुरू झाला. ऊंऽऽऽ. बारीक, एकसुरी, उंबऱ्याशी बसून कोणी बाई रडावी तसा. आईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "गाडी फिरव. मे यानांग रडतेय. अशा वेळी सुईला जायचं नसतं." मी म्हटलं, आई, वारा आहे तो. ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या पिकअपला वारा लागत नव्हता का?" लागत होता, पण त्या पिकअपमध्ये शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नसे, तिथे वाऱ्याची काय कथा! पण आईशी वाद कोण घालणार. फिरवली.

गाडी घेतली तिथे गेलो. त्यांचा पांढरेशुभ्र हातमोजे घातलेला मिस्त्री मला शेजारी बसवून बांग नापर्यंत जाऊन आला. ऊं नाही की चूं नाही. अतिशय अदबीनं त्यानं विचारलं, "साहेब, आधी कोणती गाडी चालवायचात?" पिकअप म्हटल्यावर त्यानं अशी मान हलवली की मला आपल्या खेड्याचं नाव सांगायची लाज वाटली. त्याचं म्हणणं, गाडी इतकी शांत आहे की साहेबांना आता नको ते ऐकू येतंय. वर त्यानं मऊ रबराची नवी चाकं माझ्या गळ्यात मारली. धप् धप् गेलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या खेपेला आईला घेऊन निघालो आणि रायोंगच्या अलीकडे ऊंऽऽऽ. आता धप् नसल्यामुळे ते अगदी सुटं, स्वच्छ ऐकू येत होतं. आई म्हणाली, "आज जास्त रडतेय." परत फिरलो. यातली गंमत अशी, ताई, की मी एकटा गेलो तर आवाज नाही, जुमला घेऊन गेलो तर नाही. आई बसली की सुरू. मी हे आईला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग? तिला माझी माया आहे."

आईचं निदान ठरलं होतं. गाडी जर्मन, म्हणजे आतली मे यानांगही जर्मन, तिला आपला भात-केळी रुचत नाही, म्हणून रडते. (जुम हसली. मी हसलो नाही, कारण माझ्याकडे याहून बरं कारण नव्हतं.) सुक्या कोळंबीच्या दुकानातल्या मावशींची मुलगी जर्मन माणसाला दिलेली आहे, त्या जावयाला बोलावलं. युर्गन नाव, सहा फुटांचा, आपली भाषा बोलतो पण प्रत्येक शब्दाला ठेचकाळतो. जर्मन देवीला काय चालतं असं आईनं विचारलं. तो बराच वेळ विचार करून "बियर" म्हणाला. आई खवळली, स्टिअरिंगसमोर दारू ठेवू का म्हणून. मग तो घरून पाव, सॉसेज आणि बरणीभर आंबवलेला कोबी घेऊन आला. आईनं नैवेद्य दाखवण्याआधी कोबीचा एक तुकडा जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "लहानपणापासून हेच खात आली का ही? म्हणून रडते बिचारी." वर असंही सुचवलं की काळी गाडी पट्टी लावून पांढरी होते, तर 'या गाडीत आवाज येत नाही' अशी दुसरी पट्टी लाव. ती छापून घ्यायला मी निघालोही होतो, जुमनं किल्ली काढून घेतली.

शेवटी रायोंगच्या चांग पोनकडे गेलो. गाड्यांमधला आवाज मारणे हाच याचा धंदा. तो दारांवर बोटाच्या पेरानं टकटक करत, कान लावत गाडीभोवती फिरला, अगदी मी काठीनं फळ वाजवून पिकलं का बघतो तसा, त्यामुळे माझा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. (तिथेच फसलो. फळ खोटं वाजत नाही, चांग पोन वाजतो.) त्यानं दारं उघडी केली, खालचा गालिचा उपटला, डिकी सोलली आणि सगळीकडे काळे चिकट पत्रे आणि नमदे ठोकून भरले. छताला मी हात लावू दिला नाही, नक्षी आहे म्हणून. गाडी परत मिळाली तेव्हा आत बसल्यावर कानात बोळे घातल्यागत झालं. जुम म्हणाली, "अहो, तुम्ही चघळताना एवढा आवाज करता?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे तिला आत्ता कळलं. माझा गुडघा वाजतो हेही तिथेच उघडकीला आलं.

आणि त्या शांततेत आम्ही पुन्हा निघालो. आईला गाडीत डुलकी लागली, म्हणून यावेळी क्लेंग गेलं, रायोंग गेलं, पार नोंग मोनजवळ पोचलो. बँकॉक आता हाकेवर. तेवढ्यात मागे आई जागी झाल्याची चाहूल लागली, आणि मला ऐकू आलं, 'टिक'. मग एक अगदी बारीक घर्रर्. मग ऊंऽऽऽ.

मी आरशात पाहिलं. आई डोळे मिटून, उजव्या हातात माळ घेऊन पुटपुटत होती, आणि तिची डावी करंगळी काचेच्या बटणावर होती. काच वरून काडीएवढी खाली आली होती.

ताई, पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. चाकं, नमदे, कोबी, सगळं एका करंगळीपायी! ड्रायव्हरच्या दारावर एक बटण असतं, लहान मुलांसाठी, ते दाबलं की मागच्या काचा हलत नाहीत. मी त्याच्यावर बोट ठेवलं. मग पुन्हा आरशात पाहिलं. आईचे ओठ हलत होते आणि हनुवटी थरथरत होती. आपली आई, जी नागाला दांडक्यानं हुसकायची, ती घाबरली होती. व्हॅन हादरत नव्हती, ताई, ती हादरत होती. मला इतकं वाईट वाटलं की रस्ता दिसेना. मी बोट उचललं आणि नोंग मोनला गाडी कडेला घेतली.

बांबूत भाजलेला चिकट भात घेतला. जुम पैसे द्यायला गेली. आई भात सोलता सोलता म्हणाली, "आजही रडली बघ."

मी म्हटलं, "ऐकलं मी. घाबरलीय ती."

"कशाला?"

"सुईला."

आईनं बांबूची आणखी एक साल ओढून काढली. मग म्हणाली, "घाबरेल नाही तर काय! डोळा ताणून उघडा धरतात रे. सुई येताना दिसते तिला. मिटता येत नाही. मेल्यांनी निदान मिटू तरी द्यावा."

"मग काय म्हणते ती? नाहीच यायचं का?"

"यायचंय की तिला. आंधळं व्हायची हौस आहे का कुणाला?" आणि आईनं तोंड फिरवून हातानं काच पुसली, ती स्वच्छ होती तरी.

असो. त्या दिवशीही तिथूनच परत आलो. दवाखान्यातल्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, येत्या पौर्णिमेनंतरचा मंगळवार ही शेवटची संधी, त्यानंतर आणून उपयोग नाही. मी हो म्हटलंय. गाडीचं म्हणशील तर आवाज पूर्ण गेला आहे, तेव्हा त्या बाबतीत काळजी करू नकोस. तुझं ध्यान नीट चालू दे. थोरल्या माताजींना आमच्या घरचा वाकून नमस्कार. थंडीत उघड्यावर बसू नकोस, आणि बागेतला सुका ड्युरियन पाठवतोय तो सगळ्याजणींना वाटून दे.

तुझा, काट्यांवर पडलेला आणि अजून न उठलेला,
विचियन

ता. क. कोबी अर्धी बरणी उरला आहे. नैवेद्याचा असल्यामुळे टाकवत नाही आणि खाववत तर मुळीच नाही. डुकरांना घातला तर पाप आहे का, हे माताजींना विचारून कळव.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे मुद्दाम ठेवली. नोंग मोनला आई आणखी एक वाक्य बोलली. म्हणाली, "मोठी असती तर ती आत आली असती. तिचा हात धरला की ही रडत नाही." मी लगेच म्हटलं, मग बोलावू या ताईला. तर माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "मी स्वतःच्या हातानं तिला मठात दिलीय, सगळ्या बाजाराला जेवू घातलंय. दान दिलेलं मागे मागतात का? खबरदार पत्र लिहिलंस तर!" म्हणून ताई, आई मागत नाहीये. मी मागतोय. माताजींची परवानगी काढ आणि एका दिवसासाठी ये. लोएइच्या बसथांब्यावर मी स्वतः घ्यायला येईन. आईचा डोळा जाईल गं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना आईनं पकडलं. पत्र कुणाला ते ओळखलं. भयंकर रागावली आहे. तुला निरोप आहे, जसाच्या तसा लिहितो: "तिला सांग, अजिबात येऊ नकोस, एवढ्याशा सुईसाठी मठ सोडायचं काही कारण नाही. आणि सांग, आपण पहाटेच निघू, तू दुपारनंतर जेवत नाहीस ना, तुझा डबा मी नोंग मोनच्या आधी उघडीन."