पेन्सिलीचे ठिपके

२ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी मला सॉफ्टवेअर निवडायला सांगितलं! मला! नोकरी लागून दोन महिने झालेत, अजून प्रोबेशनवर आहे. हजेरी, रजा, पगार – एकशे अडतीस माणसांचं सगळं आता कॉम्प्युटरवर जाणार. साहेब म्हणाले, ''दोन कंपन्यांचे डेमो बघ. कोणतं घ्यायचं आणि का, ते लेखी दे.'' साहेबांना सगळं लेखी लागतं. म्हणून तर कारखान्यात त्यांना लेखीसाहेब म्हणतात. चहाला साखर हवी असेल तरी लेखी द्या, असं बाबा म्हणतात.

आमच्याकडे झाकणं बनतात. बाटल्या नाहीत, फक्त झाकणं. बाबा तेवीस वर्षं इथे प्रेस मशीनवर आहेत. मी वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर. घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच. एवढं मिळालं, आणखी काय हवं?

फक्त एक गोष्ट. सकाळी बाबांबरोबर येणं म्हणजे शिक्षा! गेटपासून मशीनपर्यंत दिसेल त्याला थांबून विचारतात – काय, बरं आहे ना, पोरं कशी आहेत. उत्तर न देणाऱ्यालासुद्धा. आज अकरा मिनिटं लागली, मी मोजली. म्हटलं, ''बाबा, निवडणुकीला उभे राहणार आहात का?'' तर हसले. ''तू पुढे हो, साहेब.'' वरच्या मजल्यावर बसते ना, म्हणून मी साहेब!

४ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही डेमो झाले. नावं विसरते, म्हणून पडद्याच्या रंगावरून लिहिते – निळं आणि हिरवं.

निळ्याचा माणूस टाय लावून आला होता. काहीही विचारा, ''होऊन जाईल.'' तीन पाळ्यांचा हिशेब? होऊन जाईल. मध्येच पाळी बदलली तर? होऊन जाईल. वीज गेली तर? तेही होऊन जाईल!

हिरव्याची मुलगी पडद्यावरूनच बोलली, माझ्याच वयाची असेल. तिने तीनदा सांगितलं, ''हे आमच्यात होत नाही.'' मला तीच आवडली. साहेबांचा कल निळ्याकडे आहे. स्वस्त पडतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

जुनी माहिती भरून दोन्ही सॉफ्टवेअर तपासायची, म्हणून मस्टर मागायला वहीकाकांकडे गेले. काका टाइमकीपर. तीस वर्षं हजेरीचं मस्टर तेच लिहितात. लाल शाईने गैरहजर, निळ्या शाईने हजर. अक्षर असं की छापल्यासारखं.

''हात धुऊन ये,'' म्हणाले. खरंच धुऊन आले! मग म्हणाले, ''तुझ्या त्या सॉफ्टवेअरला पेन्सिल कळते का गं?''

''म्हणजे?''

''काही नाही. ने तू.''

११ फेब्रुवारी, बुधवार

गडबड सापडली!

गेल्या एप्रिलपासूनची हजेरी हिरव्यात भरली. एकशे अडतीस ओळी, त्यातल्या नऊ लाल. ''रजा मर्यादेपेक्षा जास्त.'' आधी वाटलं, माझंच टाइप चुकलं. मस्टर उघडून बघितलं. नाही, बरोबर आहे. पॅकिंगमधल्या ताईंच्या वर्षाला पंधरा भरपगारी रजा. घेतल्या चौतीस. सगळ्या भरपगारी! आणि दुसऱ्यांच्या ओळींत कुठेकुठे पेन्सिलीचे बारीक ठिपके.

काकांना विचारलं. ''ते तसंच असतं,'' म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

तसंच कसं असतं? एकाला पंधरा आणि एकाला चौतीस? नियम सगळ्यांना सारखा नको? काका ओळखीच्यांना देत असतील तर ज्यांची ओळख नाही त्यांनी काय करायचं? दुपारी डबाही धड खाल्ला नाही. शेवटी साहेबांना लेखी दिलं. दीड पान, सोबत नऊ जणांचा तक्ता. लिहून झाल्यावर बरं वाटलं. शिकले ते याचसाठी ना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

''हे तू लेखी दिलंस.''

''तुम्हीच म्हणता ना, लेखी द्या.''

''हो. मीच म्हणतो.'' कागद घडी करून खणात ठेवला. मग काकांना बोलावून सांगितलं – आजपासून पेन्सिल बंद.

शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. नाही मिळाली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई कामावर आल्या.

त्यांची आठ वर्षांची मुलगी दवाखान्यात आहे. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. हे मला माहीतच नव्हतं! ताई झाकणं मोजून खोक्यात भरत होत्या, आणि दर खोक्यानंतर फोन बघत होत्या.

सुपरवायझर म्हणाला, ''रजा बंद झाली तिची. कुणीतरी कागद दिला वर.'' मी विचारलं, पण एवढ्या रजा त्यांना मिळत कशा होत्या? तो म्हणाला, ''तुला कुणी सांगितलं नाही? आम्ही देतो.''

म्हणजे असं आहे. कुणावर वेळ आली की लोक काकांच्या खिडकीशी जातात आणि म्हणतात, माझा एक दिवस तिला. काका देणाऱ्याच्या ओळीत पेन्सिलीने ठिपका काढतात, त्याची एक रजा कमी करतात, आणि तिच्या नावावर एक वाढवतात. बस. बेरीज शेवटी तेवढीच. फुकट कुणीच काही घेतलं नव्हतं.

मी बेरीज केलीच नव्हती. फक्त लाल ओळी बघितल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कुणालाच माहीत नाही की तो कागद माझा. सगळे माझ्याशी नेहमीसारखंच बोलतात. हे जास्त वाईट.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज एक आठवलं. तीन वर्षांपूर्वीचं मस्टर काढलं. हात धुऊन.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबा जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घातली. मी कॉलेज सोडायला निघाले होते, एका कपड्यांच्या दुकानात बोलूनही आले होते. बाबा पलंगावरून ओरडले होते, ''कंपनीने भरपगारी रजा दिलीय! तू गुमान कॉलेजात जा!'' मी कंपनीचे मनातल्या मनात किती आभार मानले होते. इथे नोकरी करायची, हे तेव्हाच ठरवलं होतं.

बाबांची ओळ. पंधराच्या वर एकसष्ट दिवस.

कंपनीने नव्हे, माणसांनी दिलेले. कुणी, ते मात्र दिसत नव्हतं. बाकीच्या ओळींत खोडरबर घासून घासून कागद चकचकीत झालेला.

काका मागे येऊन उभे राहिले होते. ''वर्ष संपलं की पुसतो मी. कोणी दिलं ते कळलं की घेणाऱ्याची मान त्याच्यापुढे खाली जाते. मग भांडायचं झालं तरी भांडता येत नाही. एकत्र काम करायचं असतं गं.''

''बाबांनाही माहीत नाही?''

''तीनदा आला विचारायला. काठी टेकत. नाही सांगितलं.''

म्हणून ते गेटपासून मशीनपर्यंत दिसेल त्याला थांबून विचारतात!

जिन्यावर बसून रडले. माझी ती पदवी – त्यातले एकसष्ट दिवस कुणाकुणाचे आहेत, मला कधीच कळणार नाही.

काकांना सांगितलं, कागद माझा होता. ''अक्षर ओळखतो मी,'' म्हणाले. ''र चांगला काढतेस.''

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांकडे गेले. कागद परत द्या म्हटलं.

''कागद देईन गं. वाचलेलं कसं परत देऊ? इतकी वर्षं मला ते ठिपके दिसत नव्हते. माझी नजर तशी अधू आहे. तू तक्ता करून दाखवलेस.'' मग म्हणाले, ''आता वाटही लेखीच काढ. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे तुला.''

पळतच माझ्या टेबलाशी आले. निळ्याच्या माणसाला फोन – एका कामगाराला आपली रजा दुसऱ्याला देता येईल का? ''होऊन जाईल.'' कधी? ''बघू ना, मॅडम.''

हिरव्याच्या मुलीला फोन. पलीकडून कळा दाबल्याचा टकटक आवाज. मी डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, ''हे... हे आमच्यात होतं! सेटिंग आहे. कुणी वापरत नाही, म्हणून दाखवत नाही.''

१८ फेब्रुवारी, बुधवार

काका आणि मी बसून नियम लिहिले. आजारपण – स्वतःचं किंवा घरातलं. नवा-जुना, प्रोबेशनवरचा, सगळ्यांना लागू. एकाने एका वेळी एकच दिवस द्यायचा. (काका : ''नाहीतर एखादा भावनेच्या भरात सगळ्या देऊन बसतो आणि मग बायको मला धरते.'') मागायला यायची गरज नाही, दुसरा कुणीही त्याच्या नावाने अर्ज करू शकतो. कारण ज्याला खरी गरज असते तो येत नाही, असं काका म्हणाले.

सहा ओळी झाल्या. साहेबांकडे ठेवल्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मंजूर! हिरवं घ्यायचं!

मालकांनी एवढंच विचारलं म्हणे, यात कंपनीचं काय जातं? साहेबांनी सांगितलं, काही नाही, दिवस त्यांचेच आहेत. नियम आजपासूनच लागू – तसा लेखी आदेश साहेबांनी स्वतः पॅकिंगमध्ये नेऊन दिला. ताईंनी हातातलं खोकं तसंच ठेवलं आणि निघाल्या. सहा दिवस कामावर काढले त्यांनी. माझ्यामुळे.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. जेवता जेवता हात थांबला त्यांचा. वाटलं, ओरडतील. म्हणाले, ''ताईला सांगितलंस?''

''नाही.''

''मग मला कशाला सांगतेस?''

२२ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यात गेले. मुलगी झोपली होती. ताईंना बाहेर बाकावर सगळं सांगितलं.

''सहा दिवस पोर मला शोधत होती,'' म्हणाल्या. ''प्रत्येक नर्सला विचारायची, आई कधी येणार.''

मी मान खाली घालून बसले. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. का म्हणाव्यात? मग म्हणाल्या, ''येऊन सांगितलंस, तेवढं बरं केलंस. जा आता. ती उठली की तिला मी लागते.''

१७ मार्च, मंगळवार

मस्टर आणि सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवतोय. आज पहिल्यांदा दोन्हीकडचं तंतोतंत जुळलं! काका एका बोटाने टाइप करतात, प्रत्येक कळ शोधून दाबतात, दाबल्यावर मान डोलावतात. जुळल्यावर म्हणाले, ''सगळं ठीक आहे. पण यात पुसायचं कुठून?''

खरंच की. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला दिसत नाही, पण मला दिसतं. अ‍ॅडमिन आहे ना मी.

हिरव्याच्या मुलीला सांगितलं, अ‍ॅडमिनलाही नको. साहेबांनाही नको.

''अहो, पण एकदा बंद केलं की जुनी नावंही उघडता येणार नाहीत. तुम्हालासुद्धा. कधीच.''

''चालेल.''

''लेखी द्याल?''

हसू आवरेना. दिलं.

१ एप्रिल, बुधवार

नवीन वर्षाच्या रजा सगळ्यांच्या नावावर जमा झाल्या. मला नाहीत, मी जूनपर्यंत प्रोबेशनवर. ताई कालपासून कामावर आहेत. मुलगी काठी धरून चालते म्हणे. माझ्याशी कामापुरतं बोलतात.

६ एप्रिल, सोमवार

बाबांच्या पायातली सळी काढायची तारीख मिळाली – तेरा. पाच दिवस तरी दवाखान्यात राहावं लागेल. आईला फॉर्म वाचता येत नाहीत. डॉक्टर काही बोलले की ती नुसती हो हो करते, आणि घरी येऊन मला विचारते, काय म्हणाले गं? म्हणजे मीच हवी. बिनपगारी रजेचा अर्ज साहेबांना दिला. लेखी.

८ एप्रिल, बुधवार

बिनपगारी नोंद करायला स्वतःचं नाव उघडलं. शिल्लक रजा – पाच.

वाटलं, सॉफ्टवेअर बिघडलं. तपशील उघडला. अर्ज करणारे : टाइमकीपर. मंजुरी : साहेब. देणारे : पाच जण.

नावं नाहीत. ती खिडकी मीच बंद करून घेतली होती.

कोण असतील? प्रेसवरचे? सुपरवायझर? आणि ताई? त्यांच्याकडेही एक एप्रिलपासून रजा आहेत आता. काकांकडे धावत गेले. ''मला काय विचारतेस? मी कुठे बघू शकतो?'' म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

९ एप्रिल, गुरुवार

आज गेटपासून टेबलापर्यंत पोचायला मला सव्वीस मिनिटं लागली. बाबा म्हणाले, ''मी पुढे होऊ का?''