एकट्या गळ्याचं गाणं

॥ श्री ॥

देवपूर, धुळे
३ डिसेंबर १९८९

ती. सौ. कुंदाअक्कास,
बेबीचा शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. तिसऱ्या खेपेला पाय जास्त सुजतात असं शेजारच्या भागाकाकू म्हणतात, तेव्हा जिना चढू नकोस. आई असती तर आतापासून तुझ्याकडे येऊन बसली असती. नाना तसं बोलत नाहीत, पण तुझं पत्र दोनदा वाचून चष्मा पुसत होते.

डिसेंबर लागला. आपलं वर्षाचं गाणं निवडायची वेळ झाली. नियम तोच, तू घालून दिलेला: गाणं कोरियाचंच हवं, सोलच्या रेडिओवर लागलेलं, आणि एकट्या गळ्याचं. घोळक्यात कोण बेसूर आहे ते कळत नाही, असं तू म्हणायचीस. गेल्या वर्षीच्या गाण्याला तू नाव ठेवलेलं ‘ताकघुसळणी’, ते मला अजून कंटाळवाणं वाटतं, रागावू नकोस. यंदाचं माझं ठरलंय. बाई असं गाते, की न्हाऊन गच्चीवर केस वाळवत बसलीय आणि कुणी ऐकत नाही असं तिला वाटतंय. खरं नाव मला लिहिता येत नाही, म्हणून मी नाव ठेवलं ‘ओल्या केसांची’. कुणालाच सांगितलं नाही, नानांनासुद्धा नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळे दार लावून ऐकावं लागतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले. का, ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही.

सोलला मतही पाठवलंय. ‘वर्षातलं आवडतं एकल गीत’ असं ते विचारतात. मागच्या महिन्यात त्यांचं पाकीट आलं, आत रंगीत कार्ड आणि डिंकाचा वास असलेलं कॅलेंडर. पोस्टमन भिकनदादा ते सायकलवर उंच धरूनच गल्लीत शिरला.

गाणं टेप केलंय, एक कॅसेट माझ्याकडे ठेवून दुसरी सोबत पाठवते. मध्ये कुकरची शिट्टी आली आहे, ती गाण्यातली नाही.

जीवरामआबांनी जामनेरचं एक स्थळ आणलंय. मुलगा शाळेत मास्तर आहे, नाव शालिग्राम. बघू.

मुलींना पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
बेबी


जळगाव
१४ डिसेंबर १९८९

चि. बेबीस,
अनेक उ. आ.

कॅसेट मिळाली. ह्यांच्या मित्राकडून टेप आणून एकदाच ऐकता आली. सासूबाईंनी विचारलं, ही बाई आजारी शे का? मी हसून लोळले. तुझ्या ‘ओल्या केसांची’ला पडसं झालंय बघ, कुणीतरी तिचं डोकं पुसा.

मी यंदा काय निवडणार? नानांनी लग्नात मला भांडी दिली आणि रेडिओ तुझ्याकडे ठेवला. धाकटीचा हट्ट. मी पोळ्या लाटताना जुनी ताकघुसळणीच गुणगुणते, तीच माझी यंदाचीही समज.

शालिग्रामची सख्खी आत्या, मंजुळाबाई, आमच्याच गल्लीत राहते. तिचं वजन आहे त्या घरात. मी बोलेन. तुझं व्हावं असं मला वाटणार नाही तर कुणाला वाटेल?

फेब्रुवारीच्या शेवटी माझे दिवस भरतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसवत नाही, दोघी मुली अंगावर लोळतात. तू ये. मग चांगली सहा महिने राहा, घाईने जाऊ नकोस. तुझ्याशिवाय माझं कोण आहे?

नानांना नमस्कार. पत्राला उशीर करशील तर कान ओढीन.

तुझी,
अक्का


देवपूर, धुळे
८ जानेवारी १९९०

ती. सौ. अक्कास,
बेबीचा शि. सा. न.

अक्का, किती सांगू! आधी मोठी बातमी. रविवारी संध्याकाळी सोलच्या बाईंनी श्रोत्यांची आवडती गाणी लावली आणि माझं नाव घेतलं, धुळे म्हणाल्या, आणि लगेच आपली ओल्या केसांची सुरू झाली. मी एरिअलची तार हातात धरून उभी होते, सोडली की खरखर व्हायची. गाणं संपेपर्यंत हात अवघडला, पण सोडली नाही. नाना दारात उभे राहून ऐकत होते. बाहेर धुळ्याचं नाव गेलं, एवढंच म्हणाले आणि फिरायला गेले.

दुसरी बातमी. जामनेरची मंडळी येऊन गेली. गाणं म्हण, असं मुलाच्या मामांनी सांगितल्यावर शालिग्रामनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं की तुम्ही ऐकता काय. मी कोरियाची गाणी म्हटलं तर मामांच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. शालिग्राम मात्र ऐकवा म्हणाले. मी कॅसेट लावली, आणि कुकरची शिट्टी वाजल्यावर त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की हीसुद्धा कोरियाचीच का. मला हसू आवरेना. अर्थ कळतो का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. अर्थ न कळताही आवडतं, हे तर उलट छानच, असं ते म्हणाले. गाण्याचं नाव विचारलं तेव्हा ओठांवर आलं होतं, पण गिळलं. लग्नानंतर सांगेन.

अक्का, मला हे घर हवं आहे. असं मी आजवर कुठल्या स्थळाबद्दल लिहिलं नव्हतं, तू जाणतेस.

फाल्गुनातला मुहूर्त निघेल असं आबा म्हणतात. म्हणजे तुझ्या बाळंतपणाला मला येता येणार नाही. भागाकाकूंना विचारलंय, त्या आनंदाने येतील, शेकशेगडीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. रुसू नकोस.

तुझी लाडकी,
बेबी


जळगाव
२२ जानेवारी १९९०

चि. बेबीस,
अनेक उ. आ.

तुझं आनंदाचं पत्र वाचलं. भागाकाकू आल्या तर चुलीजवळ बसून माझ्या सासरची उणीदुणी काढतील आणि परत जाऊन देवपूरभर सांगतील. पण तुला मुहूर्त आहे, मी काय बोलणार? माझं मी बघेन. बायका शेतातसुद्धा बाळंत होतातच.

काल मंजुळाबाईंकडे हळदीकुंकू झालं. त्यांनी मला मुद्दाम मागे थांबवलं, पाट दिला, तिळाचे लाडू दिले. मुलीची चौकशी थोरल्या बहिणीकडे करायची रीतच आहे. मी तुझं खूप कौतुक केलं. किती हळवी आहेस, किती आवडी आहेत, कुठून कुठून पाकिटं येतात, सगळं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या.

आता देवावर सोपव. जिवाला लावून घ्यायची तुझी सवय बरी नाही.

नानांना जप.

तुझी,
अक्का


देवपूर, धुळे
४ फेब्रुवारी १९९०

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

जीवरामआबा सकाळी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. जामनेरचा निरोप असा, की ज्या मुलीला परदेशातून पाकिटं येतात आणि जी दार लावून ‘ओल्या केसांची’ असलं काहीतरी ऐकून रडते, ती आमच्या घरात नांदायची नाही. पाकिटं पाठवणारा कोण आहे, तेही त्यांनी विचारलंय.

नानांनी कॅलेंडर आणून आबांना दाखवलं, कार्ड दाखवलं. म्हातारा माणूस कार्ड उलटंसुलटं करून, बघा, रेडिओवाल्यांचं आहे, असं सांगत होता. मला ते बघवलं नाही.

नंतर नानांनी मला विचारलं की ओल्या केसांची म्हणजे काय. त्यांना ठाऊकच नव्हतं. शालिग्रामना मी सांगितलं नव्हतं. भिकनदादाला, भागाकाकूंना, कुणालाच नाही. ते नाव मी फक्त तुझ्या पत्रांत लिहिलं होतं.

अक्का, तू सांग. मी वाट बघते.

बेबी


जळगाव
१० फेब्रुवारी १९९०

चि. बेबीस,
अनेक उ. आ.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण तुझा सूर मला आवडला नाही. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. पाकिटं येतात, येतात ना? दार लावतेस, लावतेस ना? रडतेस, हे तूच मला लिहिलंस. गिरणीचं सांगायचं राहिलं असेल, बोलण्याच्या ओघात सगळंच कुठे आठवतं? गाण्याचं नाव ऐकून त्यांच्या घरातल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. गंमत होती ती. एवढ्या गमतीने जे घर बिचकलं ते तुझ्या काय कामाचं? उद्या मला दुवा देशील.

झालं ते चांगल्यासाठीच. आता फाल्गुन मोकळा आहे. मी नानांना वेगळं लिहिलंय, भागाकाकूंना नको म्हणून कळवा. वीस तारखेच्या आत निघ. मेथीचे दाणे आणि डिंक तिकडूनच आण, इथे चांगला मिळत नाही.

आणि येताना रेडिओ घेऊन ये. दोघी मिळून ऐकू, पहिल्यासारखं.

तुझी वाट बघणारी,
अक्का


देवपूर, धुळे
१५ फेब्रुवारी १९९०

ती. सौ. अक्का यांस,
शि. सा. न.

आपलं पत्र मिळालं. नाना जा म्हणाले. सोमवारी सकाळच्या बसने निघते. मेथी, डिंक आणि रेडिओ घेतला आहे. आणखी काही हवं असल्यास कळवावं.

आपली,
बेबी


जळगाव
१९ एप्रिल १९९०

ती. नानांस,
कुंदाचा शि. सा. न.

बाळ बाळसं धरतंय. यंदा मुलगा झाल्यापासून सासूबाईंची माझ्यावर मर्जी आहे. बेबीच्या हाताला गुण आहे. पहाटे बाळाची आंघोळ, मग माझं अंग रगडणं, धुणं, मुलींच्या वेण्या, सगळं न सांगता करते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोरगी सोनं शे.

शालिग्रामचं लग्न गेल्या आठवड्यात झालं. मुलगी धरणगावची. मंजुळाबाईंकडे पापड लाटायला हात कमी पडत होते, गल्लीतल्या गल्लीत नाही कसं म्हणायचं, म्हणून मी बेबीला पाठवलं. दोन दिवस लाटत होती. एकही पापड फाटला नाही म्हणून सगळ्यांनी नाव काढलं. घरी येऊन हात धुतले आणि बाळाला घेतलं. बघा, तिच्या मनात काहीसुद्धा नाही.

आखाजीच्या सणाला तिला न्यायला कुणाला पाठवू नका. मला निघता येणार नाही आणि मी इथे असताना ती एकटी माहेरच्या झोक्यावर बसून काय करणार? स्थळं बघायचीही घाई नको. बाळ चालायला लागू दे.

एक मात्र तुम्ही तिला लिहा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मुलींशी हसते, सासूबाईंशी बोलते, बाळाशी तर दिवसभर बोलते. मला ‘तुम्ही’ म्हणते. पाणी हवंय का तुम्हाला, उशी देऊ का तुम्हाला. मी आधी थट्टा समजले. चांगलं रागावून बघितलं, एकदा रडूनही बघितलं. चुकलं का काही तुमचं, असं तिने विचारलं आणि पदर दिला डोळे पुसायला.

रविवारी ती तार खिडकीला बांधून सोल लावते. मी खाटेवर पडून ऐकते. परवा एक बाई एकटीच गात होती. इतकं सुंदर, नाना, की मुलीसुद्धा गप्प झाल्या. बेबी डोळे मिटून हसली. मला कळलं की यंदाचं गाणं हेच, आणि तिने त्याला काहीतरी छान नाव ठेवलंय. मी विचारलं. तीनदा विचारलं. शेवटी दुपटं घडी करत म्हणाली, कोरियाचं आहे, आपल्याला कसं कळणार?

तेवढं एक नाव मला सांगायला तिला लिहा. बाकी इथे सगळं क्षेम आहे. तुमचा हात आमच्या डोक्यावर असू द्या.

तुमची,
कुंदा